गोळी सोडली तर पाय परत दुखेल का?

"मॅडम, हाड जुळलंय, एक्स-रे चांगला आलाय. पण गोळी बंद केली की पाय तसाच ठणकतो. म्हणजे आत काहीतरी राहिलंय ना?"

सांगलीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न आता वरचेवर येतो. कुणी गाडीवरून पडलेलं असतं, कुणाचा हात उसाच्या ट्रॉलीत सापडलेला असतो. मिरजेसारखं दवाखान्यांचं गाव शेजारी, त्यामुळे ऑपरेशन वेळेवर होतं, रॉड बसतो, टाकेही निघतात. दुखणं थांबवायची गोळी तेवढी सुटत नाही. मग घरात दोनच गोष्टी बोलल्या जातात: ऑपरेशन बिघडलं, नाहीतर माणूस बिघडला. माझ्याकडे आलेल्या बहुतेकांच्या बाबतीत दोन्ही खोटं निघालं आहे.

त्यातल्या एकांविषयी लिहिते, त्यांच्या परवानगीनं आणि ओळख पटणार नाही अशा बेतानं. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानावर ते हिशेब लिहितात, म्हणून इथं त्यांना दिवाणजी म्हणू. मोटरसायकल घसरली, नडगीचं हाड मोडलं, रॉड टाकला. ऑपरेशननंतर ट्रामाडॉल हे कडक वेदनाशामक लिहून दिलं होतं आणि ते योग्यच होतं. त्या कळा साध्या गोळीवर भागत नाहीत. पण दहा दिवसांची ती चिठ्ठी ओळखीच्या मेडिकलमधून चौदा महिने चालली. पन्नास मिलिग्रॅमच्या कॅप्सूल, दिवसाला सात. उशीच्या अभ्र्यात रिकाम्या स्ट्रिपा सापडल्या तेव्हा त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, कळलं.

पहिल्या भेटीत दिवाणजींनी मान वर केली नाही. "संकष्टीला गणपतीच्या देवळात शपथ घेतली, आजपासून बंद. तिसऱ्या दिवशी मोडली. देवापुढं खोटा ठरलो, तुमच्यापुढं काय खरं बोलणार?"

शपथेवर मी काही बोलले नाही. त्या तीन दिवसांत काय काय झालं तेवढं विचारलं. एकामागून एक जांभया, नाकाला पाणी, अंगावर काटा, जुलाब, घाम. रात्रभर पाय झाडत होते. आणि मोडलेला पाय? "ऑपरेशनच्या रात्रीपेक्षा जास्त."

"दिवाणजी, हाडात काही राहिलं म्हणून जांभया येतील का?"

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

ट्रामाडॉल अफूच्या जातकुळीतलं औषध आहे. रोज घेत राहिलं की शरीर ते धरूनच स्वतःचं गणित बसवतं. एकदम काढून घेतलं की ते गणित कोलमडतं: पोट बिघडतं, झोप उडते, जीव घाबरा होतो, आणि जिथं जुनी दुखापत आहे तिथं पुष्कळदा ठणका लागतो. असली औषधं फार दिवस घेतली तर काहींच्या नसा उलट जास्त हळव्या होतात, थोडंसं दुखणंही मोठं वाटतं. हे शपथ पाळणाऱ्याला होतं तसंच मोडणाऱ्यालाही होतं. त्यात चारित्र्याचा प्रश्नच नाही. हे ऐकताना वहिनी रडल्या, कारण वर्षभर त्याही नवऱ्याला मनातून खोटारडाच म्हणत होत्या.

गोळी किती आणि कशी कमी करायची हे काम माझं नाही. त्यासाठी मी त्यांना मिरजेतल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. डॉक्टरांनी एका वेळी साधारण दहावा हिस्सा कमी केला, मग दोन-तीन आठवडे थांबायचं, शरीर स्थिरावलं की पुढची पायरी. दिवाणजींना ते फार सावकाश वाटलं. पण ट्रामाडॉलची दिवसाची हद्द चारशे मिलिग्रॅम, त्यापुढे फिट येण्याचा धोका वाढतो, आणि ते साडेतीनशेवर होते. अशा माणसानं घाईनं काहीही करू नये, ना वाढवताना, ना सोडताना. ज्यांना असं उतरणं जमत नाही त्यांच्यासाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधं आहेत. ती घेणं म्हणजे हरणं, असं घरच्यांनी म्हणू नये.

माझ्याकडे राहिली वही. हिशेब लिहिणाऱ्या माणसाला वही द्यायची, हे मला लगेच सुचलं याचं समाधान आजही आहे. वेळ, कळ शून्य ते दहा, गोळी, आणि तेव्हा काय चाललं होतं, असे चार रकाने. पुढच्या भेटीत त्यांनी ती टेबलावर उघडली. पट्टीनं आखलेली पानं, एक खाडाखोड नाही. पेनाची मागची बाजू ओळीवर ठेवून ते मोठ्यानं वाचू लागले. सकाळी सात, कळ दोन, जिना उतरायचा होता. दुपारी साडेतीन, कळ दोन, शेठ हिशेब बघायला येणार होते. रात्री साडेनऊ, कळ एक, झोपेत दुखेल.

पेन तिथंच थांबलं. मागची पानं उलटून ते पुन्हा सगळं बघत गेले.

"मॅडम, दुखतंय म्हणून घेतलेली ह्यात एकच आहे की."

"आणि बाकीच्या?"

बराच वेळ गेला. "दुखेल म्हणून."

अशा वेळी समुपदेशकानं तोंड उघडू नये, हे मी उशिरा शिकले. अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत मी तयार झाले, त्यामुळे माणूस स्वतःशी कोणतं वाक्य बोलतो तिकडे माझा कान असतो. आपण 'दुखतंय, सहन होत नाही' एका दमात म्हणतो, जणू एकच शब्द आहे. पहिलं पाय सांगतो, ते खरं आहे. दुसरा निकाल मन देतं, तोही बऱ्याचदा दुखायच्या आधी. दिवाणजी त्या निकालासाठी गोळी घेत होते.

मी हे मांडायच्या आत तेच म्हणाले, "म्हणजे मुद्दल केव्हाच फिटलंय. मी नुसतं व्याज भरतोय."

मी जे समजावणार होते ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. तेव्हापासून मी हेच इतरांना सांगते.

मात्र मुद्दल खरंच फिटलंय का, हे हाडाच्या डॉक्टरांकडून बघून घ्यावंच लागतं. सूज, ताप, जखमेतून पाणी, पाय टेकवताना नेमक्या एकाच जागी कळ, यातलं काही असेल तर आधी तिकडे जा. दिवाणजींनी दाखवून घेतलं, पाय ठीक होता.

मग आम्ही गोळी कळेपासून सोडवून घड्याळाला बांधली: ठरल्या वेळी ठरलेली, दुखो न दुखो. स्ट्रिपा वहिनींकडे. दुकानात गादीवर मांडी घालून बसणं सोडून टेबल-खुर्ची मागून घेतली, याला त्यांना गोळी कमी करण्यापेक्षा जास्त धीर लागला. फिजिओथेरपीचे व्यायाम आणि संध्याकाळी आयर्विन पुलावरून चालणं. मार्चअखेरच्या हिशेबात दोन कॅप्सूल जास्त घेतल्या गेल्या. तेही त्यांनी वहीत लिहून आणलं. लपवलं नाही, म्हणून मला काळजी वाटली नाही.

हे वाचणाऱ्यांत कुणी या वाटेवर असेल तर त्यांना काही गोष्टी कळकळीनं सांगते. ही गोळी दारूबरोबर किंवा झोपेच्या गोळीबरोबर घेऊ नका, श्वास मंदावतो आणि जीव जाऊ शकतो. काही आठवडे सुटल्यावर पुन्हा जुन्या मात्रेवर उडी मारू नका. शरीराची सवय गेलेली असते, तीच मात्रा आता घातक ठरते. स्ट्रिपवरची लाल चौकट वाचा. २०१८ पासून ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, ओळखीवर चिठ्ठीशिवाय देणारा तुमच्यावर उपकार करत नाही. कुठं जायचं कळत नसेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन १४४१६ किंवा नशामुक्तीसाठी १४४४६ लावा.

दिवाणजींना आठ महिने लागले. शेवटच्या भेटीत वहीचं पान दाखवलं. गोळीच्या रकान्यात 'निरंक'. कळ तीन. त्यापुढे लिहिलं होतं, पूल ओलांडून सांगलीवाडीपर्यंत जाऊन आलो. वहिनी अजून अधूनमधून उशीचा अभ्रा चाचपतात. त्यांना चाचपू द्या, असं मी दिवाणजींना सांगितलं आहे.