सांधे दुखतात म्हणून कॅन्सरची गोळी सोडू नका

प्रश्न : माझ्या सासूबाई ६३ वर्षांच्या आहेत. डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं झालं. आता रोज लेट्रोझोलची गोळी चालू आहे. पण सकाळी बोटं आखडतात, भाकरी थापता येत नाही, जिना उतरताना गुडघे धरून बसतात. ‘ही गोळीच नको,’ म्हणतात. शेजारच्या काकूंनी ॲक्युपंक्चर सुचवलं. गोळी थांबवून ते केलं तर चालेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, गोळी थांबवू नका. लेट्रोझोल शरीरात इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक (हार्मोन) तयार होऊ देत नाही, म्हणजे कॅन्सरच्या उरल्यासुरल्या पेशींना त्याचं खतपाणी मिळत नाही. सांधे आखडतात तेही इस्ट्रोजेन घटल्यामुळेच. ही गोळी घेणाऱ्या जवळपास निम्म्या बायकांना हा त्रास होतो, तेव्हा ‘उगाच कुरकुर करतात’ असं घरात कुणी म्हणू नये. त्रासाला कंटाळून गुपचूप गोळी सोडणाऱ्या बायका माझ्याकडे येतात, तेव्हा जीव तुटतो.

गोळी चालू ठेवून ॲक्युपंक्चर, म्हणजे अंगावर ठरावीक जागी बारीक सुया टोचून घेणं, जरूर करा. नेमक्या याच दुखण्यावर अमेरिकेत २२६ स्त्रियांचा अभ्यास झाला, २०१८ साली तो प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांनी, दहापैकी मोजलेली वेदना खऱ्या ॲक्युपंक्चरने सरासरी दोन अंकांनी उतरली, नावापुरत्या टोचलेल्या सुयांनी एकाने. फरक मोठा नाही, पण ज्या बाईला सकाळी नळाची तोटी फिरवता येत नाही तिला तो कळतो. २०२२ पासून अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांतही या दुखण्यासाठी ॲक्युपंक्चरची शिफारस आहे. कॅन्सर बरा करण्यासाठी मात्र नाही. सुयांनी कॅन्सर बरा होतो असं सांगणाऱ्याच्या दारातूनच परत फिरा.

त्या अभ्यासात पहिले सहा आठवडे आठवड्यातून दोनदा आणि पुढचे सहा आठवडे एकदा सुया दिल्या होत्या. एकदोन वेळा जाऊन ‘गुण आला नाही’ म्हणू नका. सुई केसासारखी बारीक असते. आत गेल्यावर जडपणा किंवा मुंग्या जाणवतात, कळ येत नाही. पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. डाव्या काखेतल्या गाठी काढल्या असतील तर डाव्या हाताला सुई नको, सूज येऊ शकते. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा प्लेटलेट, पांढऱ्या पेशी कमी असतील, तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आहे, त्यामुळे नोंदणी क्रमांक विचारायला संकोच नको.

रोज अर्धा तास चालणंही सुरू करा. त्यानेही हे सांधे मोकळे होतात. एवढं करूनही भागलं नाही, तर त्याच गटातली दुसरी गोळी देऊन पाहता येते, ते डॉक्टर ठरवतील.

पाठीत किंवा मांडीच्या हाडात नवं दुखणं सुरू झालं, रात्री झोपेतून उठवू लागलं, तर ते गोळीमुळे आहे असं समजून सुया घेत बसू नका. त्याच आठवड्यात कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा. पायातली ताकद गेल्यासारखी वाटली, तर त्याच दिवशी.