प्लॅटफॉर्मवर हसलीस म्हणून स्कार्फ काढायचा नसतो

सलाम आपा, मी २६ वर्षांची, कौसाला राहते, ऐरोलीला एका कंपनीत पेरोलचं काम करते. कॉलेजच्या शेवटच्या वर्षापासून अबाया आणि स्कार्फ घालते, चेहरा उघडा, घरून कुणी जबरदस्ती केली नाही, स्वतःहून घालते. तीन महिन्यांपूर्वी मंगनी झाली, मुलाकडचे भिवंडीचे. मागच्या आठवड्यात ठाण्याला ट्रान्स हार्बरच्या प्लॅटफॉर्मवर टीममधले आम्ही पाचजण उभे होतो, तीन मुली दोन मुलं, वडापाव खात होतो आणि कशावरून तरी मी खूप हसले. होणाऱ्या नवऱ्याच्या फुफीने (आत्याने) ते पाहिलं. माझ्याशी काहीच बोलल्या नाहीत, रात्री अम्मीला फोन केला, असल्या हिजाबाचा काय फायदा, तोंड उघडं टाकून मुलांसोबत दात काढते, लग्नाआधी नकाब सुरू करा नाहीतर आम्हाला विचार करावा लागेल. अब्बा काहीच बोलले नाहीत, त्यांचं न बोलणंच जास्त लागलं. होणारा नवरा म्हणतो फुफी मोठ्या आहेत, बघू. त्याच आठवड्यात एका क्लायंटने हात पुढे केला आणि मी गडबडून हात मिळवला, रात्रभर झोप नाही. आणि एक खरं सांगते, त्या दोन मुलांपैकी एकजण रात्री मेसेज करतो, जोक वगैरे, वाईट काही नसतं, पण मी चॅट डिलीट करते. मी मुनाफिक, म्हणजे वरून एक आणि आतून एक, आहे असं वाटायला लागलंय. एक तर पूर्ण नकाब घ्यावा नाहीतर स्कार्फपण काढून टाकावा, हे अर्धवट नको. (आणि जॉर्जेटचा स्कार्फ मुंब्र्याच्या गर्दीत सारखा सरकतो, पिन टोचते, त्याला काही उपाय आहे का?)

वालेकुम अस्सलाम बाळा,

आधी तो शब्द मागे घे. मुनाफिक. रात्रभर स्वतःला तपासत जागी राहणारी पोर मुनाफिक नसते, ज्याला काही वाटतच नाही त्याची काळजी करायची असते.

आणि स्कार्फ काढून टाकायचं म्हणतेस ना, त्याबद्दल मी माझंच सांगते. मी २२ वर्षांची होते, राबोडीत आमच्या नात्यातलं लग्न होतं, जेवणाच्या पंगतीत एका वयस्कर बाईने सगळ्यांसमोर माझ्या ओढणीतून दिसणारे केस बोटाने धरून दाखवले आणि म्हणाल्या, हे असं झाकण्यापेक्षा उघडी फिर. वीसेक बायका बघत होत्या. मी त्या दिवसापासून ओढणी डोक्यावरून काढली ती चार वर्षं. राग त्या बाईवर होता आणि मी तो अल्लाहच्या हुकुमावर काढला, त्या बाईचं काहीच गेलं नाही, माझं गेलं. चार वर्षांनी परत डोक्यावर घेताना जी लाज वाटली ना, सगळे विचारतील आता अचानक काय झालं म्हणून, ती तुझ्या वाट्याला येऊ नये असं मला मनापासून वाटतं. तू जेवढं करतेस तेवढं घट्ट धरून ठेव, त्यात भर घालायची की नाही ते नंतर शांतपणे बघू.

आता मला तुझ्याकडून एक गोष्ट हवी आहे, कुराणातली सूरह नूर पूर्ण वाच, अर्थासकट, ६४ आयती आहेत, दोन रात्रीत होईल. आपल्याकडे काय झालंय की डोक्यावरच्या ओढणीसाठी सगळेजण थेट ३१ व्या आयतीवर जातात, आणि तिच्याआधी काय लिहिलंय ते कुणी बघत नाही. ३१ च्या आधी ३० आहे, आणि ३० पुरुषांना आहे, की नजर खाली ठेवा. आधी त्यांना सांगितलं, मग आपल्याला. आपल्यालाही पहिलं नजरेचंच सांगितलंय, मग शृंगार दाखवू नका, ओढणी छातीवर ओढून घ्या. आणि अजून मागे गेलीस तर २७ व्या आयतीत दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरू नका असं आहे, आणि ११ पासून २० पर्यंत काय आहे माहितीये? हुजूरांच्या, म्हणजे पैगंबर मुहम्मदांच्या, बीबी हजरत आएशांवर लोकांनी उठवलेलं बालंट. त्यांचा हार हरवला, शोधता शोधता त्या काफिल्याच्या मागे राहिल्या, हुजूरांच्या एका साथीदाराने, सहाबींनी, त्यांना आपल्या उंटावर बसवून आणलं, तेवढ्यावरून मदिन्यात महिनाभर कुजबुज चालली. त्यावर अल्लाहने विचारलंय, हे ऐकलंत तेव्हा आपल्याच माणसांबद्दल चांगला विचार का नाही केलात. आणि १५ व्या आयतीत आहे की तुम्हाला ती गोष्ट हलकी वाटत होती, अल्लाहकडे ती फार मोठी होती. म्हणजे बघ, ज्या सूरहमध्ये ओढणी आहे त्याच सूरहमध्ये ओढणीच्या आधी फुफींचा फोन आहे. हे मी फुफींना कमी लेखायला म्हणत नाही, त्यांना खरंच काळजी वाटली असेल तर प्लॅटफॉर्मवर तुला बाजूला घेऊन खांद्यावर हात ठेवून बोलता आलं असतं, दोन मिनिटांचं काम होतं. लांबून बघायचं आणि रात्री थेट अम्मीला फोन लावायचा ही कुठली हया, ही कुठली लाजलज्जा?

आणि मुलांसमोर हसणं. सूरह कसस मध्ये मूसा अलैहिस्सलाम मदयनच्या विहिरीवर येतात तो प्रसंग तुला मदरशात शिकवला असेल. दोन मुली आपल्या जनावरांना मागे रेटून उभ्या असतात, कारण बाप म्हातारा आहे आणि गुराख्यांची गर्दी हटल्याशिवाय पाणी पाजता येत नाही. म्हणजे त्या घराबाहेर आहेत, कामाला आहेत, अनोळखी पुरुष विचारतो तेव्हा नीट उत्तर देतात. नंतर त्यातली एक त्यांना बोलवायला येते, आणि कुराणात तिच्या चालण्याचं वर्णन आहे, लाजत, संकोचाने आली, आणि बोलली काय तर सरळ कामाचं, अब्बा बोलावतायत, पाणी पाजलंत त्याचा मोबदला द्यायला. पुढे बापाला सल्लाही देते की यांना कामाला ठेवा, ताकदवान आहेत आणि भरवशाचे आहेत. मला हा प्रसंग फार आवडतो, शाळेत ३१ वर्षं शिकवताना कितीतरी मुलींना सांगितला. कारण आपल्याकडे हया म्हणजे गप्प बसणं, दिसेनासं होणं असं मुलींच्या डोक्यात भरवतात, आणि इथे ती मुलगी दिसते, बोलते, आपलं मत देते, आणि तिची हया तिच्या चालण्याबोलण्यात आहे.

तर पाचजणांत उभी राहून वडापाव खाताना हसू आलं यात गुन्हा नाही. एवढंच की भर प्लॅटफॉर्मवर आवाज जरा जपून, ते मी मुलांनाही सांगते, लुकमान अलैहिस्सलामांनी तर मुलालाच सांगितलं होतं की चाल मध्यम ठेव आणि आवाज खाली ठेव.

चेहऱ्याचं. यावर उलेमांमध्ये, म्हणजे धर्माच्या जाणकारांमध्ये, शेकडो वर्षांपासून दोन मतं आहेत, एक म्हणतं चेहरा आणि हाताचे पंजे उघडे चालतात, दुसरं म्हणतं परपुरुषांसमोर चेहराही झाका, आणि दोन्हीकडे मोठे मोठे इमाम आहेत. नमाजमध्ये आपला चेहरा उघडा असतो, हजच्या इहराममध्ये, म्हणजे यात्रेच्या त्या पाक अवस्थेत, नकाब बांधायची मनाई आहे, ही बुखारी शरीफची हदीस, म्हणजे हुजूरांचं वचन, आहे. हुजूरांच्या शेवटच्या हजला एक तरुण बाई मसला विचारायला आली, त्यांचे चुलतभाऊ हजरत फज्ल हुजूरांच्या मागे सवारीवर बसले होते, ते तिच्याकडे बघत राहिले, तर हुजूरांनी फज्लची हनुवटी धरून तोंड दुसरीकडे वळवलं आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, की हो, म्हाताऱ्या बापाच्या वतीने तू हज करू शकतेस. यावर कुणी म्हणेल ती इहराममध्ये होती म्हणून चेहरा उघडा होता, म्हणू दे, ते बरोबरही असेल, पण वळवलं कुणाचं तोंड ते लक्षात ठेव. ज्या बायका मनापासून नकाब घेतात त्यांची मला खूप इज्जत आहे, माझी धाकटी बहीण घेते. तुला उद्या स्वतःहून घ्यावासा वाटला तर बिस्मिल्लाह. पण मंगनी मोडेल या भीतीने घेतलास तर तो तू फुफींसाठी घेतलेला असेल आणि भिवंडीतून बाहेर पडलीस की काढशील, मी अशा मुली बघितल्यात, ट्रेन सुटली की पर्समध्ये घालतात आणि रोज स्वतःच्या नजरेतून थोड्या थोड्या उतरतात.

हात मिळवण्याबद्दल बहुतेक उलेमांचं मत स्पष्ट आहे, नामहरमशी, म्हणजे ज्याच्याशी लग्न होऊ शकतं अशा परपुरुषाशी, हात मिळवू नये, हजरत आएशा सांगतात की बैअत, म्हणजे निष्ठेची शपथ, घेतानाही हुजूरांनी कधी परक्या बाईच्या हाताला हात लावला नाही, नुसत्या बोलण्यावर घ्यायचे. तुझा मिळवला गेला, तौबा केलीस, संपलं, त्याच्यावर अजून रात्री घालवू नकोस. पुढच्या वेळेसाठी मी शाळेत काय करायचे ते सांगते, बक्षीस समारंभाला पाहुणे यायचे, स्टेजवर हात पुढे यायचा. मी त्यांचा हात उठायच्या आधीच, दोन पावलं लांब असतानाच उजवा हात छातीवर ठेवून मान झुकवायचे आणि हसून नाव घेऊन स्वागत करायचे. सगळं टायमिंगमध्ये आहे, समोरच्याचा हात हवेत लटकला की त्याचा अपमान होतो, आधीच केलंस तर कुणालाच काही वाटत नाही. उशीर झालाच तर सरळ सांग, सर, मी हात मिळवत नाही, प्लीज गैरसमज करू नका, तुम्हाला भेटून खरंच छान वाटलं. आपल्या इथे लोक तसेही लांबूनच नमस्कार करतात, समजून घेतात. तुझ्या मॅनेजरला एकदा आधी सांगून ठेव, म्हणजे ते क्लायंटसमोर सांभाळून घेतील.

आणि आता ते चॅट. बाळा, तुझ्या सगळ्या पत्रात मला काळजी वाटली ती फक्त या एका ओळीची, आणि ती फुफींना माहीतही नाही. सहीह मुस्लिममध्ये हदीस आहे, गुनाह म्हणजे जे तुझ्या मनात खटकतं आणि लोकांना कळू नये असं तुला वाटतं. तू डिलीट करतेस म्हणजे तुला खटकतंय, मला वेगळं काही सांगायची गरजच नाही. प्लॅटफॉर्मवर पाचजण होते, उजेड होता, चारी बाजूंनी माणसं होती. रात्री साडेअकराला फोनच्या उजेडात तू आणि तो दोघंच असता. तो मुलगा वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण अशा गोष्टी जोकपासूनच सुरू होतात आणि तुझी मंगनी झालेली आहे. त्याला ब्लॉक वगैरे करून ड्रामा नको, रोज ऑफिसात तोंड बघायचंय. एक मेसेज टाक, दिवसा, की ऑफिसचं काम असेल तर ग्रुपवर टाकत जा, रात्री मी फोन बघत नाही. परत आला तर उत्तर देऊ नकोस. तीन चार दिवस चुकल्यासारखं वाटेल, मग सुटेल.

होणाऱ्या नवऱ्याचं बघू हे मला अजिबात पटलेलं नाही. निकाह त्याच्याशी होणार आहे. अम्मीला शेजारी बसवून त्याला फोन कर आणि विचार, तुम्हाला स्वतःला काय हवंय, नकाब हवाय का, नोकरी चालेल का, ऐरोलीहून घरी यायला आठ वाजतात ते चालेल का. उत्तर फुफींचं नको, त्याचं हवं. नोकरीचं ठरलं तर निकाहनाम्यात लिहून घ्या, अटी लिहिता येतात, यात लाजण्यासारखं काही नाही, मेहर लिहितोच ना आपण. आणि तो म्हणाला की नाही, मला चेहरा झाकलेलीच बायको हवी, तर तेही प्रामाणिक उत्तर आहे, मग तुला विचार करता येईल, तुझा होकार अजून तुझ्याच हातात आहे, हुजूरांनी मुलीला विचारूनच लग्न लावायला सांगितलंय.

हे सगळं करायच्या आधी अब्बांकडे जा. फजरच्या, पहाटेच्या नमाजनंतर चहा घेऊन त्यांच्याजवळ बस आणि त्या दिवशीचं स्वतःच्या तोंडाने सांग, कोण कोण होतं, कशावर हसलीस, सगळं. गप्प बसलेला बाप रागावलेलाच असतो असं नाही, पुष्कळदा त्याला कळत नसतं की पोरीला विचारायचं कसं, माझ्या वडिलांचं तसंच होतं आणि ते मला ते गेल्यावर कळलं.

स्कार्फला जॉर्जेट सोड, गर्दीसाठी ते कापड नाहीच. जर्सी, सुती किंवा व्हिस्कोस घे आणि आत सुती इनर कॅप घाल, म्हणजे सरकत नाही. पिनेऐवजी मॅग्नेट मिळतात, जोडीजोडीने, हिजाबचं सामान विकणाऱ्याकडे विचार, शेजारच्या बाईला पण टोचणार नाही. फक्त फोन आणि एटीएम कार्ड त्यांच्यापासून लांब ठेव. आणि अब्बांच्या किंवा भावाच्या बाईकवर मागे बसतेस तेव्हा अबायाचा घेर दोन्ही बाजूंनी गोळा करून मांडीखाली दाबून बसत जा, स्कार्फचं टोक आत खोचून, मागच्या चाकात कापड गेलं की सावरायला वेळ मिळत नाही.

तुझी,
आपा