माती धुण्याआधी सौदा थांबवा

पत्राचा गोषवारा असा. एक वाचक चार एकरांची जुनी फळबाग घेत आहेत. तिच्यावर कित्येक दशकं जोरदार फवारण्या झाल्या आहेत. एक कंपनी जिवाणूंचं द्रावण देते आणि तीन महिन्यांत मातीतली सगळी विषारी रसायनं शून्यावर आणण्याची हमी देते. करार तीन वर्षांचा, आणि जमिनीच्या किमतीच्या 18 टक्के रक्कम आगाऊ. पुढे सेंद्रिय प्रमाणपत्र मिळवून जमीन दुपटीने विकायची. प्रश्न एवढाच, की या पैशासाठी निवृत्तीची ठेव मोडू की कर्ज काढू?

दोन्ही करू नका. तुमच्या पत्राच्या शेवटी जाता जाता एक वाक्य आलंय, "इसार 5 टक्के दिलाय, खरेदीखत पुढच्या महिन्यात, भाव आजूबाजूच्या जमिनीचाच आहे." म्हणजे जमीन अजून तुमची झालेलीच नाही. दुसऱ्याने बिघडवलेली माती तुम्ही चांगल्या मातीच्या भावाने घेताय, आणि ती निस्तरण्याचा खर्चही स्वतःच्या म्हातारपणाच्या पैशातून करताय. जमीन 100 ची धरली तर तुम्हाला ती 118 ला पडते, व्याज वेगळंच. खरेदीखत झालं की विक्रेता मोकळा आणि मातीत जे काय आहे ते तुमचं.

आणि मातीत काय आहे हे तुम्हाला माहीत नाही. तुम्ही जोडलेला अहवाल नत्र, स्फुरद, पालाश आणि सामूचा (माती आम्ल की विम्ल ते) आहे. कीटकनाशकांचे अवशेष आणि जड धातू यांची तपासणी पूर्ण वेगळी असते, ती मागून करून घ्यावी लागते. रोगाचं नाव माहीत नसताना औषधाचे तीन वर्षांचे पैसे आगाऊ मागणाऱ्या माणसाला दारातूनच परत पाठवायला हवं होतं.

या कंपनीवर मला राग का येतो ते सांगतो. ॲट्राझिनसारखी तणनाशकं बहुतेक मातीत काही महिन्यांत निम्मी होतात, मातीतले जिवाणूच ते काम फुकट करतात. डीडीटी या जुन्या कीटकनाशकाचं तसं नाही. त्याचं निम्मं व्हायलाच 2 ते 15 वर्षं लागतात. मधला 10 चा आकडा धरा, दहावा भाग उरायला 33 वर्षं. शिवाय ते मोडून जे डीडीई तयार होतं तेही चिवटच. आणि शिसं, तांबं, आर्सेनिक ही तर मूलद्रव्यं. जुन्या बागांत डीडीटीच्या आधी लेड आर्सेनेट हे शिसं आणि आर्सेनिक असलेलं कीटकनाशक फवारलं जायचं, बोर्डो मिश्रण या मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकातून तांबं येतं. मूलद्रव्य कुठलाही जिवाणू संपवू शकत नाही, फार तर त्याचं रूप बदलतो. म्हणजे ही हमी एक तर आपोआप होणाऱ्या गोष्टीची आहे, नाही तर होऊच न शकणाऱ्या गोष्टीची.

दुपटीचं स्वप्नही तपासू. करार संपेपर्यंतच्या तीन वर्षांत दुप्पट व्हायचं तर वर्षाला सुमारे 26 टक्के वाढ लागते, तीही न चुकता. सेंद्रिय प्रमाणपत्र मुख्यतः तुम्ही काय टाकलं नाही ते सांगतं, आधीचं मातीत काय उरलंय ते नाही. उद्या तुमच्याकडून घेणारा शहाणा असेल तर तो माती तपासेलच.

आता कामाचं. एका एकरातली वरची 15 सेंटिमीटर माती सुमारे 850 टन भरते, चार एकरांची 3,400 टन. एवढी माती उचलून धुणं हा विचारच सोडा. पण जिथे औषधं कालवली, पंप धुतले, रिकामे डबे टाकले, ती जागा बहुतेक वेळा सर्वांत वाईट असते. दहा बाय दहा मीटर, अर्धा मीटर खोल धरली तर 70 टन, म्हणजे जेमतेम 2 टक्के. ती खणून धोकादायक कचऱ्याच्या सुरक्षित जागी नेता येते. उरलेल्या शेतात डीडीटीसारखं काही निघालं तर सक्रिय कोळसा किंवा बायोचार (काडीकचऱ्यापासून केलेला कोळसा) ते धरून ठेवतो आणि पिकात कमी जातं. भोपळावर्गीय पिकं डीडीई इतरांपेक्षा जास्त ओढतात, ती तिथे लावू नका. चुन्याने कॅडमियम हा जड धातू आवरतो, पण आर्सेनिक उलट मोकळं होऊ शकतं. म्हणून आधी अहवाल, मग उपाय.

या आठवड्यात विक्रेत्याला लेखी कळवा की खरेदीखत तपासणीनंतर होईल. शेतातून एकत्रित नमुना घ्या, औषधं कालवण्याच्या त्या जागेतून, म्हणजे फवारणीच्या शेडपासून, वेगळा घ्या, दोन्ही मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या. खर्च कंपनीच्या त्या 18 टक्क्यांपुढे किरकोळ आहे. दोष निघाला तर शेडची जागा साफ करण्याचा खर्च 100 मधून वजा करून मागा, किंवा विक्रेत्याकडून आधी साफ करून घ्या. तो नमुने घ्यायलाच नाही म्हणाला तर इसाराच्या 5 टक्क्यांवर पाणी सोडून बाहेर पडा. इसाराचा करार मात्र आजच वकिलाला दाखवा, तो परत मिळण्याची सोय त्यात असू शकते.

सुट्टीत मुलांना बागेत नेता असंही तुम्ही लिहिलंय. शेडजवळच्या विहिरीचाही नमुना द्या, आणि अहवाल येईपर्यंत ते पाणी कुणालाही पिऊ देऊ नका.