तळाशी ऑक्सिजनच नाही, मग खोल सरोवरात सूक्ष्मजीव जगतात कसे?
ऑक्सिजनवाचून त्यांचं काही अडत नाही, फक्त खोलीप्रमाणे वस्ती बदलते. रवांडा आणि काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या सीमेवरचं किवू सरोवर घ्या. कमाल खोली सुमारे ४८५ मीटर, पण ऑक्सिजन फार तर वरच्या ६०-६५ मीटरपर्यंत. खालचं पाणी क्षार आणि विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे जड, त्यामुळे ते वरच्या पाण्यात सहसा मिसळतच नाही.

वर उजेडात सायनोबॅक्टेरिया (प्रकाशावर अन्न बनवणारे बॅक्टेरिया) आणि डायटम (एकपेशी शैवाल). अगदी खाली आर्किया. हे बॅक्टेरिया नव्हेत, वेगळाच गट. बुडालेल्या शैवालाचे अवशेष इतर जंतू कुजवतात, त्यातून निघालेल्या पदार्थांपासून आणि ज्वालामुखीजन्य कार्बन डायऑक्साइडपासून आर्किया मिथेन बनवतात.

मला सगळ्यात रंजक वाटतो तो मधला पट्टा, जिथे ऑक्सिजन संपतो. खालून झिरपणारा मिथेन तिथले बॅक्टेरिया ऑक्सिजन वापरून खातात. थोडं खाली, ऑक्सिजन नसताना, पाण्यातल्या सल्फेटवरही (गंधकाचा क्षार) काम भागतं. म्हणून पृष्ठभागापर्यंत मिथेन फारच थोडा पोहोचतो. बाकीचा खोल पाण्यात साठलाय, सुमारे ६० घन किलोमीटर. रवांडा तो उपसून वीजही बनवतो.