भाचीचं वकिलीचं शिक्षण आणि धुऱ्याचा खटला

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या एका गावातून लग्न होऊन इंग्लंडला गेलेल्या ताईंचं पत्र आहे. गावी भाऊ, सात एकर कोरडवाहू वावर, कपाशी-तूर-सोयाबीन. भावाची मुलगी बारावी आर्ट्सला आहे आणि तिला वकील व्हायचंय. भावाचं म्हणणं, "पोरीच्या जातीले कोर्टकचेरी कायले पाहिजे? एमपीएससीचा फॉर्म भर म्हना." खर्च उचलायची ताईंची तयारी आहे. कॉलेज कोणतं, आपल्या नावावर एनआरआय कोट्यातून घालता येईल का, की सरळ इंग्लंडलाच आणावं, असं त्यांनी विचारलंय. आणि शेवटी, जाता जाता लिहावी तशी एक ओळ: "घरातलीच वकील झाली तर आमचा धुऱ्याचा (बांधाचा) नि हिश्श्याचा खटलाही मार्गी लागेल."

ताई, मी त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करते. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं कॉलेजात चौकशी केली तरी मिळतील. ही ओळ मात्र मुलीच्या आयुष्याची पाच-आठ वर्षं ओढून नेऊ शकते.

बार कौन्सिल ऑफ इंडियाचे वकिलांच्या आचरणाचे नियम आहेत. ज्या प्रकरणात वकिलाचा स्वतःचा आर्थिक हितसंबंध गुंतलेला आहे, ते प्रकरण त्यानं चालवू नये, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. तुमची जमीन वडिलोपार्जित आहे. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना जन्मानं सहहिस्सेदार केलं, हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं ते देशभर लागू झालं आणि बाप २००५ मध्ये हयात असण्याची अट नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सांगितलं. म्हणजे भाचीचा त्या वावरात स्वतःचा हिस्सा आहे. तिला तो खटला वकील म्हणून लढवता येणार नाही, ती त्यात पक्षकार व्हायची. घरचा वकील म्हणजे फुकटचा वकील, हा आपल्या गावाकडचा हिशोब इथे बसत नाही.

तुमचाही हिस्सा त्यात होता, ताई. हक्कसोडपत्रावर सही केलीत का, हे तुम्ही लिहिलं नाही. आपल्याकडे माहेर तुटू नये म्हणून बहीण तो कागद न वाचताच सही करते. कायदा शिकलेली भाची सुट्टीत घरी येऊन बापाला पहिलं हेच विचारेल, की सातबाऱ्यावरून आत्याचं नाव कधी नि कोणत्या फेरफारानं गेलं. भावाचा विरोध केवळ पोरीच्या काळजीपोटी आहे, असं मी गृहीत धरणार नाही. अर्थात तसं असूही शकतं.

खटला तिच्यासाठी थांबवूनही ठेवू नका. धुरा कुठे आहे हे भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीतून ठरतं. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला असेल तर तहसीलदाराकडे १९०६ च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली अर्ज करता येतो. हिश्श्याचा दावा असतो दिवाणी न्यायालयात. आपल्या लोकांची निम्मी वर्षं चुकीच्या दारात उभं राहण्यात जातात. दारव्ह्याला किंवा यवतमाळला जमिनीची कामं करणारा अनुभवी वकील आजच लावा. भावाच्या नावे मुखत्यारपत्र पाठवायचं असेल तर ते तिकडे नोटरी किंवा भारतीय वकिलातीसमोर करून घ्या, आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरून घ्यायला सांगा. परदेशातून आलेले पुष्कळ कागद याच एका मुदतीवर अडतात.

आता भाचीबद्दल. घरातल्या खटल्यामुळे तिला वकिलीची ओढ लागली असेल तर त्यात वाईट काही नाही. विदर्भातले कितीतरी वकील बापाच्या पेशीला, म्हणजे कोर्टाच्या तारखेला, सोबत जाता जाताच या धंद्याकडे वळले. पण ओढ कशाची आहे ते तपासलं पाहिजे, आणि त्याला पैसा लागत नाही. कोर्ट सर्वांना खुलं असतं. फॉर्म भरण्याआधी तिला चार दिवस दारव्ह्याच्या कोर्टात मागच्या बाकावर बसू द्या. शिपाई नावं पुकारतो, पक्षकार धावत येतो, दोन मिनिटांत पुढची तारीख पडते आणि माणूस एसटी स्टँडकडे चालू लागतो, हे तिला दिसू द्या. टीव्हीवरचा युक्तिवाद तिथे क्वचितच होतो. पण एखादी उलटतपासणी ऐकायला मिळाली आणि साक्षीदार पहिल्या उत्तरात काय म्हणाला नि पाचव्यात काय, हे तिनं घरी येऊन नीट सांगितलं, तर मी तिच्या बाजूनं मत देईन. कंटाळली तरी चालेल, वकीलही कंटाळतात. नुसतीच चिडून आली, "हे सगळे चोर आहेत" एवढंच म्हणाली, तर मात्र थोडं थांबा.

पाच वर्षांचा अभ्यासक्रम घ्यावा की आधी बी.ए. करून मग तीन वर्षांची एलएल.बी.? कागदावर फरक एका वर्षाचा आहे. गावात तो फार मोठा होतो. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला स्थळं यायला लागतात. "एलएल.बी. लग्नानंतर कर, सासरचे शिकवतील," असं म्हणत पुष्कळ मुलींची वकिली तिथेच थांबते. बारावीनंतर थेट प्रवेश घेतला की मधे उतरायला स्टेशनच राहत नाही. म्हणून मुलगी ठाम असेल तर मी पाच वर्षांच्या बाजूची आहे. शाखा कोणतीही चालते. बारावीला खुल्या प्रवर्गात ४५ टक्के लागतात, ओबीसींना ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४०. राज्याची प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, इंग्रजी आणि मराठी दोन्हींत असते आणि चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत. तिच्यासाठी हीच मुख्य परीक्षा समजा. क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, डिसेंबरात होते, ती फक्त इंग्रजीत असते आणि दर चुकीला पाव गुण जातो. नागपूरचं महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ क्लॅटच्याच वाटेनं मिळतं. तिथलं शिक्षण चांगलं आहे, पण राहण्या-जेवणासकट वर्षाचा खर्च लाखांत जातो, आणि तिथून बाहेर पडणाऱ्या मुलांची नजर मोठ्या शहरातल्या कंपन्यांकडे असते. तिला यवतमाळ जिल्ह्यातच वकिली करायची असेल तर अमरावती, यवतमाळ किंवा नागपूरचं जुनं कॉलेज आणि संध्याकाळी एखाद्या वकिलाच्या ऑफिसात बसणं, यात मला जास्त हशील दिसतं.

एनआरआय कोटा डोक्यातून काढून टाका. आत्या-काकांच्या नावावर प्रवेश देण्याची सोय पंजाब सरकारनं वैद्यकीय प्रवेशांत करून पाहिली. सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं तिला फसवणूक म्हटलं. कायद्याच्याच शिक्षणाची सुरुवात अशी कशाला करायची? शिवाय त्या जागेची फी अवाच्या सवा असते. उलट इथे राज्य सरकारनं जुलै २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), ओबीसी आणि एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिकदृष्ट्या मागास) घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ केली आहे. त्यासाठी कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घ्यावा लागतो. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. पापळसारख्या खेड्यातून निघून विलायतेत बॅरिस्टर झालेल्या माणसाचं नाव त्या योजनेला आहे, हे तुम्हाला तिकडे वाचताना बरं वाटेल. भाची कोणत्या प्रवर्गात येते आणि सात एकरांवर तो भत्ता बसतो का, हे कॉलेजात विचारून घ्या.

इंग्लंडला आणण्याचं म्हणाल तर तिकडची फी तुम्हाला ठाऊकच आहे. वर तिकडची पदवी बार कौन्सिलनं मान्य केलेली असावी लागते आणि सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेण्याआधी इथे आणखी परीक्षा द्यावी लागते. ती तिकडचा जमीन कायदा शिकेल. आपल्या सातबाऱ्यावरचं भोगवटादार वर्ग दोन म्हणजे काय, हे तिला परत येऊन दारव्ह्यातच शिकावं लागेल.

भाषेची भीती तिला असणारच. तालुका आणि जिल्हा न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे. दावे, जबाब, साक्षी मराठीत चालतात. हायकोर्टाचं काम इंग्रजीत, आणि विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांसाठी ते नागपूर खंडपीठात. इंग्रजी लागणार, पण पहिल्या दिवशी नाही. तिला दर रविवारी व्हिडिओ कॉलवर एखाद्या निकालाचं एक पान मोठ्यानं वाचायला लावा आणि अर्थ मराठीत विचारा. अशी आत्या दारव्ह्यातल्या किती मुलींना मिळते?

खरा खर्च पुढे आहे, ताई, आणि तो तुम्ही विचारलेलाच नाही. पाच वर्षं कशीही निघतात. अडचण येते पदवीनंतरच्या तीन-चार वर्षांत. सनदेचं शुल्क आता अडचण नाही. राज्य बार कौन्सिलांनी कायद्यात लिहिलंय तेवढंच, म्हणजे साडेसातशे रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना सव्वाशे, घ्यावं असा सुप्रीम कोर्टाचा जुलै २०२४ चा निकाल आहे. पुढे ऑल इंडिया बार परीक्षा असते, अभ्यास केलेली मुलगी ती पास होते. त्यानंतर ज्युनिअर म्हणून एखाद्या ऑफिसात बसायचं, कोर्टातून कागदांच्या नकला काढायच्या, तारखा घ्यायच्या, साहेब नागपूरला गेले की न्यायाधीशांपुढे उभं राहून पुढची पेशी मागायची. आणि महिन्याच्या शेवटी बरेचदा हातात पेट्रोलपुरते पैसे. बार कौन्सिलनं ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार द्यावेत असं सुचवलं. सुचवलं, बंधन घातलं नाही. तालुक्याच्या गावात साहेबाचीच फी कापूस विकल्यावर मिळते, तो ज्युनिअरला कुठून देणार?

त्यात मुलगी. ऑफिसचं खरं काम संध्याकाळी सहानंतर सुरू होतं आणि गावाकडे जाणारी शेवटची एसटी त्याच्या आसपासच निघते. रोज ये-जा करणारी मुलगी कोर्टाचं काम शिकेल, पण पक्षकाराशी बोलणं, कागद बघून दावा रचणं, हे सगळं संध्याकाळच्या बैठकीत असतं, ते तिला मिळणार नाही. तालुक्यात किंवा यवतमाळला तिची स्वतःची खोली हवी. भाऊ त्या खोलीचं भाडं देणार नाही, देऊ शकणारही नाही. बापाला वाटतं, पोरगी शिकली, सनद मिळाली, आता कमवायला पाहिजे. वर्षभरात काही येत नाही असं दिसलं की स्थळ ठरतं, आणि काळा कोट पेटीत जातो. तुमचा पैसा इथे लागणार आहे. कॉलेजची फी सरकारनं माफ केली तर ती रक्कम आजपासून वेगळ्या खात्यात टाका आणि भाचीला आत्ताच सांगून ठेवा, की सनद मिळाल्यापासून तीन वर्षं खोली आणि जेवण आत्याकडे.

न्यायाधीश व्हायचं स्वप्न असेल तरीही हाच हिशोब. पूर्वी पदवी घेऊन थेट परीक्षेला बसता यायचं. सुप्रीम कोर्टाच्या २० मे २०२५ च्या निकालानं दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली. तो निकाल देणाऱ्या खंडपीठाचे प्रमुख तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, अमरावतीच्या फ्रेझरपुऱ्यातल्या नगरपालिकेच्या शाळेत शिकलेले. तुमच्या भाचीला त्यांचं उदाहरण सगळेच देतील. निकाल मला तत्त्वतः पटतो, कोर्टाचं तोंड न पाहिलेला न्यायाधीश गावच्या माणसाला परवडत नाही. पण ती तीन वर्षं पोटाला काय खायचं हा प्रश्न ज्याच्या घरी पाठबळ नाही त्याच्याच माथी आला. सरकारी अभियोक्त्याची परीक्षा, बँकांतली विधी अधिकाऱ्यांची पदं, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडची पगारी बचाव वकिलांची कामं, या वाटाही आहेत. भावाला एमपीएससी हवीच असेल, तर त्याला सांगा की सरकारी अभियोक्ता आणि न्यायाधीश या दोन्ही परीक्षा एमपीएससीच घेते. एवढं ऐकूनही तो निम्मा तयार होईल.

त्याच्याशी बोलताना खटल्याचा विषय काढू नका. तो तुम्ही वकिलामार्फत वेगळा चालवा. हक्कसोडपत्राचं काय झालं हे विचारायचं असेल तर तेही आत्ता नको, मुलीचा प्रवेश पक्का झाल्यावर विचारा. एका फोनवर दोन्ही गोष्टी आल्या तर बहीण पोरीला शिकवून आपल्यावरच उलटवतेय असं त्याला वाटेल, आणि फॉर्मची तारीख त्या भांडणात निघून जाईल.