दोन तास सलग

बेटा,

परवा सीताबर्डीला मेट्रोतून उतरताना तू विचारलंस, "काका, माझंच डोकं चालेनासं झालंय का हो?" मिहानमधल्या तुझ्या ऑफिसचा तो बिनभिंतींचा, साठ माणसांचा हॉल, आणि दिवसभरात एक काम धड हातावेगळं होत नाही. मी हसण्यावारी नेलं. घरी आल्यावर चुटपुट लागली.

तुझं डोकं शाबूत आहे. मे महिन्यात कूलर रात्रभर घरघरतो, त्यात आपण ढाराढूर झोपतो. पण शेजारच्या खोलीत कुणी हळूच लग्नाची बोलणी काढली, की कान तिकडे! आवाज मोठा असण्यापेक्षा त्यातले शब्द कळणं जास्त त्रासाचं. म्हणून साहेबाकडून रोज शांततेचे दोन तास सलग मागून घे. दीड नाही, दोन.

साहेब म्हणेल, मोकळ्या हॉलमध्ये माणसं एकमेकांशी बोलतात. बर्नस्टीन आणि टर्बन या हार्वर्डच्या दोघांनी लोकांच्या गळ्यात यंत्रं अडकवून हे मोजलं. 2018 साली निष्कर्ष छापला: भिंती गेल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे 70 टक्क्यांनी घटलं आणि ईमेल वाढले. चोवीस तास नजरेत राहायचं म्हटल्यावर माणूस हेडफोन चढवणारच ना.

आमच्या ऑफिसातल्या केबिनी पाडायच्या नकाशावर सही माझीच होती. भाडं वाचत होतं, सगळे खूश. मग एक दिवस पाठीमागे कुणाचं तरी गृहकर्जाचं फोनवर चाललेलं, आणि मी बीमच्या तक्त्यात 16 मिमीच्या जागी 12 ची सळई लिहिली. साइटवरच्या म्हाताऱ्या मिस्त्रीने पकडली म्हणून निभावलं. चूक माझीच, मान्य. पण केबिनीत वीस वर्षं अशी चूक झाली नव्हती, हेही लिहून ठेव.

त्यानंतर सकाळी सातला जायला लागलो. नऊपर्यंत फोन बंद, दोन तास सलग. माणूसघाणा म्हणाले, बढती गेली. गेली तर गेली! तुझी काकू अजून म्हणते, थोडं गोड बोलले असते तर... अगं, गोड बोलत बसलो असतो तर ते दोन तासही गेले असते.

आणि हेडफोनवर भागतं म्हणू नकोस. गाण्यातही शब्दच असतात.

कोपऱ्यातली मीटिंगची खोली सकाळी रिकामी असते म्हणालीस ना? सोमवारी जाऊन नऊ ते अकरा तीच माग. तोंडी नको, लेखी. नाहीच म्हणाला, तर रविवारी घरी ये. तर्री-पोहे खाता खाता दुसरा अर्ज लिहू.

तुझा,
काका