जपानी वाचायला, ऐकायला आणि वाक्य बनवायला एकच फ्लॅशकार्ड पुरतं का?

नाही पुरत, एकाच वाक्याची तीन कार्डं करा, कारण वाचून ओळखता आलं म्हणजे बोलताना तोंडात येईलच असं नाही, पुण्यात एन-फाइव्ह, एन-फोर म्हणजे जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या सुरुवातीच्या पातळ्यांच्या बॅचेसना शिकवताना हे रोज बघते. वाचनाच्या कार्डावर पुढे कांजीसकट, म्हणजे जपानीत वापरतात त्या चिनी अक्षरांसकट, अख्खं वाक्य, सुटी कांजी नको. ऐकण्याच्या कार्डावर पुढे फक्त ऑडिओ, अक्षर एकही नाही, नाहीतर डोळेच काम करतात. वाक्य बनवायच्या कार्डावर पुढे मराठी ठेवा, इंग्रजी कशाला मध्ये, शब्दांचा क्रम जवळपास आपलाच आहे. फक्त विभक्तीला जपा, 'पुण्यात राहते' म्हणजे 'पुने नि सुन्दे इमासु' पण 'पुण्यात शिकते'ला 'पुने दे बेन्क्यो शिते इमासु', आपला 'त' दोन्हीकडे तोच आणि तिकडे 'नि' वेगळा, 'दे' वेगळा, सगळे इथेच घसरतात, म्हणून अशा जोड्यांची कार्डं मुद्दाम करा आणि उत्तर मोठ्याने बोलूनच कार्ड उलटा. आता डिसेंबरची जेएलपीटीच द्यायची असेल तर तिसरी कार्डं थोडीच ठेवा, त्या परीक्षेत बोलणं नाही आणि निबंधही नाही, पण हिंजवडीत जपानी क्लायंटशी बोलायचं असेल तर तीच जास्त करा.